शिकारी वेळेवर कसा पोचला? सुनीती नामजोशींच्या उलट्या परीकथा

आपल्या या गप्पांमध्ये आजवर कहाण्या झाल्या, पंचतंत्र झालं, इसापही होऊन गेला. आज आपण परीकथांकडे वळणार आहोत, पण मुलांना झोपवायला सांगतात तशा गोड परीकथांकडे नाही. ज्यात बायका मारून खोलीत लटकवून ठेवलेल्या असतात, लांडगा आजीला गिळून तिचीच टोपी घालून पलंगावर झोपतो, अशा काळोख्या गोष्टी. आणि त्या गोष्टी एका मराठी बाईने उलट्या करून सांगितल्या तेव्हा काय झालं, ते बघायचं आहे.

या बाईंचं नाव सुनीती नामजोशी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलं नसेल, कारण त्या इंग्रजीत लिहितात. पण मुळं अगदी आपल्याकडची. जन्म १९४१ चा, मुंबईतला. आई सरोजिनी या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या, म्हणजे सुनीतीबाई फलटणच्या राजांची नात. पुण्यात शिक्षण, मग १९६४ मध्ये आयएएस. पुढे ती नोकरी सोडून त्या परदेशी गेल्या, कॅनडात डॉक्टरेट केली आणि १९७२ पासून टोरांटो विद्यापीठात शिकवू लागल्या. त्याआधी, १९६८ मध्ये, मायलेकींनी मिळून गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला होता. राम गणेश गडकरी इंग्रजीत नेणारी ही मुलगी पुढे लाल टोपीवालीची आणि निळ्या दाढीवाल्याची गोष्ट नव्याने सांगते, हे लक्षात ठेवा.

ते पुस्तक म्हणजे 'फेमिनिस्ट फेबल्स'. १९८१ मध्ये लंडनच्या शीबा या स्त्रियांच्या प्रकाशनाने ते काढलं. गोष्टी अगदी छोट्या, काही तर अर्ध्या पानाच्या. त्यातल्या तीन मी आज माझ्या शब्दांत सांगते.

निळी दाढीवाला आणि न उघडलेलं दार

आधी मूळ गोष्ट. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये परीकथांचा एक छोटा संग्रह छापला. त्यात निळी दाढीवाला एक श्रीमंत माणूस आहे. त्याच्या आधीच्या बायकांचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. नवीन बायको आणतो, तिच्या हातात घरभरच्या किल्ल्या देतो आणि सांगतो, सगळं उघड, फक्त ही एक छोटी खोली उघडू नकोस. आणि प्रवासाला निघून जातो. ती अर्थातच उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. घाबरून किल्ली हातातून पडते, तिला रक्त लागतं, आणि ते रक्त काही केल्या निघत नाही. नवरा परत येतो, किल्ली बघतो, तलवार उपसतो. ऐन वेळी तिचे भाऊ येतात आणि त्याला मारतात.

आता गंमत बघा. ज्या माणसाने इतके खून केले त्याच्या गोष्टीला पेरोने तात्पर्य काय जोडलं? बायकांची चौकसपणाची खोड महागात पडते! खून करू नये हे तात्पर्य नाही. दार उघडू नये, हे तात्पर्य. पुढची सव्वातीनशे वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली गेली.

नामजोशी काय करतात? त्या म्हणतात, ठीक आहे, पाचव्या बायकोने दार उघडलंच नाही असं समजू. निळी दाढीवाला चार आठवड्यांनी परत येतो. घर लख्ख, फरशी चकचकीत, आणि ती खोली बंदच. तो चक्रावतो. तुला जाणून घ्यावंसं नाही वाटलं? ती म्हणते, नाही. माझं गुपित काय ते बघावंसं नाही वाटलं? कशाला? माणसाला स्वतःची एक खोली असावी, तो तुमचा हक्कच आहे, असं ती त्याला सांगते. झालं. तो इतका संतापतो की तिथल्या तिथे तिला मारून टाकतो. आणि खटल्यात बचाव काय? तिनेच मला भडकवलं!

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा आधी हशा येतो आणि मग शांतता पसरते. हसू का येतं, ते आधी बघू. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ मध्ये एक प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. लिहू पाहणाऱ्या बाईला वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न आणि स्वतःची एक खोली हवी, असं तिचं म्हणणं. नामजोशी तोच खोलीचा मुद्दा उचलून एका खुनी नवऱ्याला देतात. बायको बिचारी उदार मनाने त्याला तो हक्क देते, आणि तोच तिचा गुन्हा ठरतो.

आणि शांतता का पसरते? कारण उघडलं तरी मरण, न उघडलं तरी मरण, हे लक्षात येतं. म्हणजे प्रश्न दाराचा नव्हताच. आज्ञा मोडली म्हणून मारलं, हे कारण मागाहून चिकटवलेलं होतं. आपल्या आसपासची भाषा आठवा. उलट बोलली म्हणून हात उचलला. आणि गप्प बसली तर? गप्प बसून तोरा दाखवते म्हणून हात उचलला.

शेवटचं वाक्य तर कायद्यातूनच आलंय. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' हा आपल्याकडे खुनाच्या आरोपातून सुटायचा, निदान शिक्षा कमी व्हायचा एक रस्ता आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये तो अपवाद होता, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो आहे. मुंबईच्या नानावटी खटल्यात हाच बचाव घेतला होता. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या त्या नौदल अधिकाऱ्याला ज्युरीने निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं, कारण डोकं थंड व्हायला त्याला पुरेसा वेळ मिळाला होता. म्हणजे कायदाही विचारतो, भडकायचं कारण खरंच होतं का? निळ्या दाढीवाल्याचं कारण काय, तर बायको भडकवत नाही हेच त्याला भडकवतं.

लांडगा कोण आणि शिकारी कोण?

आता लाल टोपीवाली. ही सगळ्यांना पाठ असते. मी दिल्लीला लागून नोएडात राहते आणि सुट्टीत इथल्या मराठी घरांतली मुलं जमवून त्यांना गोष्टी सांगते. या मुलांचं मराठी निम्मं हिंदीच. एकदा मी ही गोष्ट नेहमीसारखी संपवली. लांडग्याने आजीला खाल्लं, मुलीला खाल्लं, इतक्यात शिकारी आला, पोट फाडलं, दोघी सुखरूप बाहेर. एक सात-आठ वर्षांची चिमुरडी म्हणाली, "पण मावशी, त्या शिकारीला कसं पता चाललं?"

मी तिला म्हटलं, तो तिथून चालला होता, त्याला घोरणं ऐकू आलं. ग्रिम बंधूंनी तसंच लिहिलंय. पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा दिसला नाही. नामजोशींच्या गोष्टीची सुरुवात नेमक्या याच शंकेतून होते.

ती गोष्ट डॉक्टरच्या नोंदींसारखी आहे. तुटक वाक्यं, पेशंटचं नाव अर्धवट. घटनेनंतर मुलगी हादरलेली. तिचं म्हणणं असं की लांडगा मेलेलाच नाही. तो शिकारीच लांडगा आहे, नाहीतर इतका बरोबर वेळेवर पोचला कसा? आईला हे सांगते. आईला आवडत नाही. आईच्या मते तो फारच सज्जन माणूस आहे. आजी तर गेलीच. पुढे लांडगा आईशीच लग्न करतो. मुलगी दुःखी, तेव्हा तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं जातं, आणि तो तिला समजावतो की एकंदरीत लांडगे फार चांगले असतात. शेवटी मुलीला पटतं. लांडगा असण्यात काही वाईट नाही. आई लांडगा, डॉक्टर लांडगा, मीही लांडगाच. आणि हे ऐकून आई, डॉक्टर, शिकारी, सगळे एकदम अस्वस्थ होतात.

मंडळी, यात मुलगी तलवार घेऊन लांडग्याला मारत नाही. आजकाल परीकथा स्त्रीवादी करायची म्हणजे राजकन्येच्या हातात तलवार द्यायची, अशी एक सोपी समजूत झालीय. नामजोशी तसं करत नाहीत. त्या फक्त एक प्रश्न बदलतात. मूळ गोष्ट विचारते, मुलीने वाट का सोडली? त्या विचारतात, राखणदाराची चौकशी कोण करणार?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९७२ मध्ये आत्ताच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. चौकीत, म्हणजे जिथे माणूस संरक्षण मागायला जातो तिथे. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केलेला दिसत नाही, असा तो सूर होता. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या बाईवरचा बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली तर न्यायालयाने आधी ते खरं धरायचं, असा नियम आला.

नामजोशींनी मथुरेवर गोष्ट लिहिली असं मी म्हणत नाही. पण इथे लोक रस्त्यावर उतरून जो प्रश्न विचारत होते, तोच त्याच काळात त्या अर्ध्या पानाच्या परीकथेत विचारत होत्या. गोष्टीचं बळ ते हेच. कायद्याच्या पुस्तकातला प्रश्न सात वर्षांच्या मुलीलाही पडू शकतो.

आणि दिल्लीकरांना तर २०१२ चा डिसेंबर विसरता येणार नाही. त्या वेळीही किती जणांनी विचारलं, इतक्या रात्री ती बाहेर काय करत होती? म्हणजे पेरोचंच तात्पर्य. वाट सोडू नये, उशीर करू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अवघ्या २९ दिवसांत अहवाल दिला. त्याचा सगळा रोख उलटा होता. प्रश्न बाईच्या वागण्याचा नसून पोलीस, न्यायालयं आणि सरकार यांनी आपलं काम केलं की नाही याचा आहे, असं समितीने बजावलं.

विष्णूने नेमलेला आयोग

तिसरी गोष्ट परदेशी परीकथा नाही, आपल्याच पंचतंत्राच्या धाटणीची आहे. काशीतला एक गरीब ब्राह्मण विष्णूकडे मुलगा मागतो. देवाच्या हातून काय गडबड होते कोण जाणे, मुलगी होते. ब्राह्मण हिरमुसतो, पण मुलीला शिकवतो. ती हुशार निघते. दोघं मिळून तप करतात. विष्णू प्रसन्न होतो. बाप घाईघाईने म्हणतो, मुलगा हवा. देव म्हणतो, बरं, पुढच्या जन्मी. आणि पुढच्या जन्मी ब्राह्मण बाई होऊन आठ मुलगे प्रसवतो! मग देव मुलीला विचारतो, तुला काय हवं? ती म्हणते, मला माणूस म्हणून जगायचंय. देव म्हणतो, हे जरा अवघड आहे. आणि एक आयोग नेमतो.

दिल्लीत राहणाऱ्या माणसाला या विनोदाची चव काही वेगळीच लागते. हे आयोगांचं गाव आहे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला सरकारने १९७१ मध्ये समिती नेमली होती. १९७४ मध्ये तिचा 'समानतेकडे' हा अहवाल आला आणि स्वातंत्र्यानंतर बायकांची परिस्थिती किती बिघडलीय ते वाचून समितीचे सदस्यही हबकले होते. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या लोतिका सरकार या समितीतही होत्या. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ मध्ये आला. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडलं गेलं, संमत व्हायला २०२३ उजाडलं, आणि त्यातही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होईल, असं लिहिलेलं. आयोग वाईट असतात असं नाही. १९७४ च्या अहवालातूनच कितीतरी कामं उभी राहिली. पण मागणी साधी असते, 'माणूस म्हणून जगायचंय', आणि उत्तर येतं, विचार चालू आहे. त्या अंतरावर ही गोष्ट बोट ठेवते.

दिल्लीतलं घर

लंडनला छापलेल्या या गोष्टी भारतात रुजल्या त्यात दिल्लीचा वाटा मोठा आहे. १९८४ मध्ये ऊर्वशी बुटालिया आणि ऋतू मेनन यांनी दिल्लीत 'काली फॉर विमेन' ही देशातली पहिली स्त्रीवादी प्रकाशनसंस्था सुरू केली. २००३ मध्ये दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि बुटालियांची 'ज़ुबान' उभी राहिली. ज़ुबान म्हणजे जीभ, आणि बोलीही. ज़ुबानने २०१२ मध्ये सुनीती नामजोशींच्या निवडक लेखनाचा जाडजूड संग्रह काढला. फलटणची नात, टोरांटोत नोकरी, नंतर इंग्लंडात घर, आणि पुस्तक दिल्लीचं. माझ्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर संसार केलेल्या मराठी बायकांना हा प्रवास फार ओळखीचा वाटतो.

अशा गोष्टी तेव्हा इतरत्रही लिहिल्या जात होत्या. अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने १९७९ मध्ये निळ्या दाढीवाल्याची गोष्ट लिहिली तेव्हा मुलीला वाचवायला भाऊ न येता आई घोड्यावरून दौडत येते आणि जावयाला गोळी घालते. कार्टरची गोष्ट लांबलचक, भरजरी. नामजोशींची ओवीएवढी.

ही मोडतोड आहे का?

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, ताई, चांगल्या चालत आलेल्या गोष्टींची ही मोडतोड कशाला?

तर मंडळी, 'चालत आलेली' म्हणजे कुठून चालत आलेली, हे बघू या. पेरोच्या गोष्टीत शिकारी नाहीच. लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी आणला ग्रिम बंधूंनी, १८१२ मध्ये. त्यांनीच याच गोष्टीला आणखी एक शेवट जोडलाय, जो कुणी सांगत नाही. दुसरा लांडगा येतो तेव्हा आजी आणि नात दोघी मिळून त्याला दारासमोरच्या हौदात बुडवून मारतात. आणि फ्रान्सच्या खेड्यांत तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत तर मुलगी स्वतःच सुटते. पलंगावरच्या लांडग्याला सांगते, मला बाहेर 'जाऊन यायचंय'. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती अंगणात जाऊन दोरी झाडाला बांधते आणि पळ काढते.

म्हणजे बायाबापड्या तोंडी सांगत होत्या तेव्हा मुलगी हुशार होती. पुरुषांनी ती छापली तेव्हा ती एकदा मेली आणि एकदा शिकाऱ्याच्या हाताने वाचली. मग मोडतोड नक्की कुणी केली?

आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीलाच बघा. लाल टोपीवालीसारखंच जंगल, तसेच लांडगा आणि वाघ, आणि लेकीकडे निघालेली एकटी म्हातारी. ती वाटेतच सौदा करते, आत्ता खाऊन काय मिळणार, परत येताना धष्टपुष्ट होऊन येते. लेक तिला भोपळा देते. आणि म्हातारी टुणूक टुणूक करत घरी. मायलेकींची युक्ती, भोपळ्याचं वाहन, शिकाऱ्याचा पत्ता नाही. ही गोष्ट आपण पोट धरून हसत ऐकली, पण तिच्यात केवढं शहाणपण आहे याची दखल क्वचितच घेतली.

आणि जुन्या कथेला जाब विचारायची रीतही आपल्याकडे परकी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेला गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असा त्यांचा सवाल होता. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देवत्वाच्या चौकटीतून बाहेर काढून माणूस म्हणून उभं केलं.

घरी करून बघा

मग आपण हे घरी कसं करायचं? इंदूर असो, बडोदं असो, बेळगाव असो, गोष्ट सांगणारी आजी, आई, मावशी, बाबा सगळीकडे आहेत. मी तीन प्रश्न वापरते. गोष्टीत शिक्षा कुणाला होते आणि गुन्हा कुणाचा असतो? नियम कुणी घातला, आणि तो पाळला असता तर खरंच काही वेगळं झालं असतं का? आणि वाचवायला कोण येतं, तो वेळेवर कसा येतो?

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दाराशी येतो, ती बाळाचं आवरायचं कारण सांगत दार उघडायला उशीर करते. मुलांना हे तीन प्रश्न विचारा. माझ्याकडे काही मुलं म्हणाली, चिमणी दुष्ट आहे, पावसात उभं ठेवते. काही म्हणाली, घरात बाळ आहे, एकटी आहे, का उघडायचं तिने दार? अर्धा तास भांडण चाललं. मी निकाल दिला नाही. गोष्ट ऐकताना मुलं भांडली, की ती नीट ऐकली असं समजावं.

एक पथ्य मात्र पाळा. सगळे मुलगे लांडगे आणि सगळ्या मुली शहाण्या, अशी गोष्ट सांगू नका. नामजोशींच्या गोष्टीत आईसुद्धा लांडग्याच्या बाजूने उभी राहते, हे विसरू नका. तिला शांतता हवी असते, घर टिकवायचं असतं. मुलीचं बोलणं ऐकलं तर दोन्ही मोडतं. अशा आया आपण पाहिल्या आहेत. त्या वाईट नसतात, घाबरलेल्या असतात. म्हणून माझ्या मते त्या अर्ध्या पानातली सगळ्यात महत्त्वाची जागा शिकाऱ्याची नाही, आईची आहे. मुलगी घरी येऊन सांगते, तो काका चांगला नाही, तो सर चांगला नाही. त्या वेळी ऐकणाऱ्याने काय करायचं? 'छे गं, किती सज्जन माणूस आहे तो' असं म्हणायचं, की खाली बसून विचारायचं, तुला असं का वाटतं, सांग बरं?

पुढच्या भागात आपण ताराबाई शिंद्यांचं ते छोटंसं पुस्तक सविस्तर बघू. तोवर एखादी जुनी गोष्ट घरात पुन्हा सांगून बघा, आणि मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तर गोष्ट थांबवा. नमस्कार!